शनिवारच्या रकान्यातले अध्यक्ष

‘मा. कार्यवाह, आपलं कोष्टक मला ऐकू येत नाही. कृपया दुरुस्त करावं आणि तसं कळवावं.’

एवढ्याच मजकुराचं एक टाइप केलेलं पत्र माझ्या टेबलाच्या खणात बरेच दिवस पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, पण म्हणून मी ते विसरलो होतो असं कुणी समजू नये. पत्र विसरायला स्वभाव मोकळा लागतो, तो माझा नाही. उत्तर मी रोज लिहीत होतो. अडचण मायन्याशी होती. ‘महोदया’ लिहिलं की फार सरकारी वाटायचं. ‘आदरणीय भगिनी’ लिहिलं की आपण भाषणाला उभे आहोत असं वाटायचं. ‘स.न.’ लिहून पाहिलं, तर अनोळखी बाईंना ‘सप्रेम’ कसं म्हणायचं, असं वाटायचं. मग तो कागद फाडायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा घ्यायचा.

“अहो, पत्राला उत्तर लिहिताय की मृत्युपत्र करताय?” असं हिने एकदा विचारलंही. मृत्युपत्राला मायना लागत नाही, हे मी मनातल्या मनात म्हणालो. माझी चांगली उत्तरं सगळी मनातच असतात.

आता खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मला ते पत्रच चुकीचं वाटलं होतं. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कोष्टक ऐकू येत नाही, हे काय वाक्य झालं? मी लाल पेन्सिल घेतली, ‘ऐकू येत’ खोडलं, वर ‘दिसत’ लिहिलं, समासात खूण केली. मग आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. कोष्टक दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, शोभत होतं. म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. पण तक्रारीत तथ्य नाही हे नम्रपणे कसं लिहायचं, यात मी अडकलो तो अडकलोच.

त्या कोष्टकाबद्दल मला थोडा अभिमान होता हे कबूल करायला हवं. आमचं एक फिरतं वाचनालय आहे. म्हणजे एक गाडी, तीत फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, आणि एका खोक्यात बोलकी पुस्तकं, म्हणजे कुणीतरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेली. ही गाडी रोज दुपारी एकेका ठिकाणी उभी राहते. त्याचं वेळापत्रक संकेतस्थळावर मी माझ्या हाताने बसवलं होतं. सोमवारपुढे ‘४ ते ५’ लिहिलं आणि खाली शनिवारपर्यंत डिट्टोच्या दोन-दोन रेघा ओढल्या, कारण तेच तेच पुन्हा छापणं हा आमच्या धंद्यात गावंढळपणा. ज्या दिवशी बोलक्या पुस्तकांचं खोकं गाडीत असतं, ते वार हिरवे केले. कोष्टकाखाली कार्यालयाची वेळ होती, ‘११ ते १२’. तिथे ‘कार्यालयीन वेळ’ असे रुक्ष शब्द न लिहिता घड्याळाचं एक छोटंसं चित्र टाकलं. शेजारी अध्यक्षांचं छायाचित्र होतं, पण ते माझं काम नव्हे. ते त्यांनी स्वतः आणून दिलं होतं.

एके दिवशी गाडीचा चालक किल्ली ठेवायला आला आणि म्हणाला, “काका, शनिवारचा टाकीचा थांबा बंद होतोय म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“अध्यक्षसाहेब. रविवारच्या सभेत ठराव आहे. म्हणतात, बोलकी पुस्तकं घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जातोस आणि एक माणूस फिरकत नाही. खरंय ते. मी तासभर एकटाच बसतो.” मग जाता जाता तो थांबला. “गंमत बघा. शनिवारी सकाळी मी डिझेल भरायला जातो, तेव्हा त्याच टाकीखाली एक बाई उभ्या असतात. हातात पांढरी काठी. दर शनिवारी. कुणाची वाट बघतात कोण जाणे.”

“सकाळी किती वाजता?”

“अकरा-साडेअकरा.”

मी खण उघडला. पत्रावर पत्ता होता तो टाकीजवळचाच. खाली टेलिफोनचा नंबर होता. लाल पेन्सिलीने सुधारलेल्या त्या वाक्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. माझी दुरुस्ती चुकली होती.

टेलिफोनची मला भीती वाटते. पत्रात निदान खोडता येतं. शेवटी हिने नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

“मी वाचनालयाचा... म्हणजे वाचनालयाकडून...”

“कार्यवाह का?” पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज.

“मानद.”

“मानद असले तरी उत्तरं देतात माणसं.”

“त्याचं असं झालं, की आपल्याला... म्हणजे आपण...”

“दिसत नाही. बोला की स्पष्ट. मला ती बातमी जुनी आहे.”

बाई पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, माणसांना माणसांशी जोडून द्यायच्या. हे त्यांनीच सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, “तुमच्या कोष्टकाने मला कुणाशीच जोडून दिलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे, स्क्रीन रीडर. पडद्यावर जे असेल ते तो मला वाचून दाखवतो. थांबा, रिसीव्हर त्याच्यापाशी धरते. ऐका तुमची करामत.”

आणि मी माझं कोष्टक ऐकलं. एक सपाट, थकलेला आवाज म्हणत होता, “शुक्रवार. शाळेचं फाटक. अवतरण चिन्ह. शनिवार. पाण्याची टाकी. अवतरण चिन्ह. अकरा ते बारा.”

माझ्या घड्याळाच्या चित्रावरून तो आवाज न अडखळता पुढे निघून गेला होता. डिट्टोच्या रेघा त्याने रेघा म्हणून वाचल्या होत्या, आणि कार्यालयाची वेळ थेट टाकीला नेऊन चिकटवली होती.

“म्हणून मी अकराला जाते,” बाई म्हणाल्या. “सोमवारी चार ते पाच गाडी असते, हे कळलं. बाकीच्या वारी अवतरण चिन्हं वाटता, असं दिसतं.”

“आणि बोलकी पुस्तकं हिरव्या रंगात...” मी पुटपुटलो.

“हिरवा रंग कसा वाजतो हो?”

मी लाल पेन्सिलीने ‘हिरवा’ एवढं लिहून घेतलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, रागावून नाही, जुन्या नोकरीतल्यासारखं एकेक तार सोडवत. नीट बांधलेल्या कोष्टकात बाई बाणाच्या कळीने चौकटींच्या घराघरातून हिंडतात. घरात शिरताना तो आवाज आधी दारावरची पाटी वाचतो, म्हणजे रकान्याचा मथळा आणि ओळीचा मथळा, आणि मग आतला मजकूर. ‘शनिवार, वेळ, चार ते पाच.’ “तुम्ही मथळे जाड अक्षरात केले असतील,” त्या म्हणाल्या, “पण जाड अक्षर म्हणजे पाटी नव्हे. हा मथळा आहे, असं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. सांगाल?”

“सांगतो. दुरुस्त करतो आणि कळवतो.”

“कळवा ते कागदावर. वाचनालयाचा शिक्का मारून.”

“पण आपल्याला कागद...”

“मला नव्हे. माझी थोरली बहीण असते माझ्याजवळ. ते पत्र तिनेच पेटीत टाकलं आणि टाकताना हसली. म्हणे, तुझ्या पत्राला उत्तर येईल त्या दिवशी मी आठवडाभर तुझ्या हाताखाली राबेन. तिला दिसतं. तिने वाचावं. आणि हो, दुरुस्त न करता उत्तर पाठवू नका. तसलं उत्तर तर तिलाही नको असेल.”

आमच्या इमारतीत बातमी पसरायला फार वेळ लागत नाही. हिने वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, तिथून ती जिन्याने खाली आली. संध्याकाळी समोरचे दंतवैद्य दार वाजवून आत आले.

“सोपं आहे. अक्षर मोठं करा.”

“त्यांना दिसत नाही.”

“म्हणूनच सांगतो. चांगलं मोठं करा.”

काकूंचं म्हणणं पडलं, की पिवळ्यावर काळं उठून दिसतं. माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, याला जगात न येणारं असं काहीच नाही. तो म्हणाला, “भाऊजी, कोष्टक ऐकू येत नाही ना? मग बोलून टाका! तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रण करू आणि चढवू.” मला स्वतःचा आवाज आवडत नाही, पण नाही म्हणण्याइतका मोठाही तो निघत नाही. त्यामुळे मी सोमवारपासून शनिवारपर्यंतचा आठवडा मेहुण्याच्या फोनमध्ये वाचला, आणि त्याने तो संकेतस्थळावर चढवला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. “ऐकलं. आवाज गोड आहे, उगाच लाजता. पण शनिवारसाठी मला अख्खा आठवडा ऐकावा लागतो. मधला वार चुकला की पुन्हा सोमवारपासून. आणि बुधवारी तुमच्याकडे कुणीतरी चष्मा शोधत होतं, तो सापडला का?”

चष्मा सापडला होता, हे मी त्यांना सांगितलं. एवढं एकच काम तोवर धड झालं होतं.

मग मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष निवृत्त वजनमापे निरीक्षक. अजूनही माणसाकडे पाहताना तो किती भरतो याचा अंदाज घेत पाहतात, आणि मी नेहमी थोडा कमी भरतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते कोष्टक सर्वसाधारण सभेत मंजूर झालंय. हिरव्या रंगासकट.”

“मी वेळ बदलत नाही, थांबा बदलत नाही. डिट्टोच्या जागी फक्त त्याचा अर्थ लिहितो.”

“अर्थ मंजूर झालेला नाही, कार्यवाह. खुणा मंजूर झाल्यात.”

“पण त्या बाई दर शनिवारी...”

“टाकीचा थांबा रविवारी रद्दच होतोय. जाणाऱ्या थांब्याला एवढी रंगरंगोटी कशाला? तिथे वाचक नाहीत. आहेत का एक तरी?”

आहे, असं मी म्हणायला हवं होतं. मी “पाहतो” म्हणालो. जिना उतरताना मला तीन उत्तम उत्तरं सुचली.

मात्र घरी आल्यावर मी वाचनालयाची घटना काढली. ती मीच तपासून छापून घेतली होती. तिच्यात एक कलम होतं: ‘मुद्रणदोष दुरुस्त करण्याचा अधिकार कार्यवाहांस राहील.’ ते वाचून माझ्या अंगात जी हिंमत संचारली ती मला अगदी अनोळखी होती. जे वाचलं जात नाही तो मुद्रणदोष नाही, तर काय आहे? ही माझ्याकडे पाहून म्हणाली, “आज तुम्ही घरात बूट घालून का फिरताय?” मी बूट काढले, पण हिंमत ठेवली.

कॉम्प्युटरवर त्या पानाची मागची बाजू उघडली. मेहुणा शेजारी खुर्ची ओढून सल्ले देत होता, पण मला त्याची गरज वाटेना. मागे सगळ्या खुणाच खुणा! प्रत्येक गोष्ट सुरू करायची एक खूण, संपवायची एक खूण. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. वर ‘वार’, ‘थांबा’, ‘वेळ’, ‘बोलकी पुस्तकं’ यांना मथळ्याची खूण केली. प्रत्येक ओळीतल्या वारालाही केली. डिट्टो काढून सगळीकडे ‘दुपारी ४ ते ५’ लिहिलं. हिरवा रंग राहू दिला, सभेचा मान म्हणून, पण रकान्यात ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ असं स्पष्ट लिहिलं. घड्याळाच्या जागी ‘कार्यालयीन वेळ’ आलं, आणि ती ओळ कोष्टकाच्या वर नेली. कोष्टकाला वर नाव दिलं: ‘फिरत्या वाचनालयाचे थांबे’. इतकं स्वच्छ काम मी छापखान्यातही क्वचित पाहिलं होतं.

शेवटी सगळ्यावरून एक नजर फिरवली. कोष्टकाच्या अखेरीला बंद करणाऱ्या खुणांची रांग लागली होती, आणि त्यांतल्या काही मला दुबार वाटल्या. मुद्रितशोधकाला दुबार दिसलं की हात आवरत नाही. मी त्या काढून टाकल्या आणि समाधानाने झोपायला गेलो.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. मी स्वतः उचलला, याची नोंद व्हावी.

“कार्यवाह, ऐका हं,” बाई म्हणाल्या आणि तो सपाट आवाज आला. “शनिवार. थांबा, पाण्याची टाकी. वेळ, दुपारी चार ते पाच. बोलकी पुस्तकं, आहेत.” तोच आवाज, पण आता तो मला थकलेला वाटेना. “शंभर नंबरी काम केलंत. एकच विचारायचंय. त्याच्या पुढच्या घरात अध्यक्ष आहेत. त्यांचं काय करायचं?”

“कोण आहेत?”

“‘माननीय अध्यक्ष, छायाचित्र.’ शनिवारच्या ओळीत, शेवटच्या घरात.”

मी कॉम्प्युटरकडे धावलो. कोष्टक बंद करणारी खूण मी दुबार समजून काढली होती. दार उघडं राहिल्यामुळे शेजारचं छायाचित्र सरकत आत आलं होतं आणि शनिवार, पाण्याची टाकी, दुपारी चार, या ओळीत ऐटीत बसलं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या सुटलेल्या मात्रा पकडल्या आणि माझ्या हातून अख्खा अध्यक्ष सुटला! मी खूण पुन्हा लिहायला हात उचलला, तोच दंतवैद्य आत आले.

“कमाल आहे हो! अध्यक्ष उद्या स्वतः टाकीपाशी येऊन वाचकांना भेटणार? मी येतो. माझ्या दोन तक्रारी आहेत.”

मागोमाग काकूंनी जिन्यातून ओरडून विचारलं, की पुस्तकं तेच वाटणार का. आणि मग ज्याची धास्ती होती तो फोन आला.

“कार्यवाह, मला उद्या चार वाजता टाकीखाली कुणी नेमलं?”

“मुद्रणदोष आहे साहेब. आत्ता काढतो. एक खूण राहिली होती.”

“दोष?” ते म्हणाले. “सकाळपासून फोन येताहेत मला. म्हणतात, असा अध्यक्ष पाहिला नाही, रस्त्यावर उतरून वाचकांना भेटणारा. एकाने तर कुटुंबासह येतो म्हटलंय.” मग आवाज जरा खाली आला. “गाडीत खुर्ची असते का?”

शनिवारी अध्यक्ष इस्त्रीचा कोट घालून टाकीखाली खुर्चीवर बसले होते. खुर्ची माझ्या घरची होती. गाडीभोवती इतकी माणसं जमली होती, की चालक बावरून गेला होता. दंतवैद्य अध्यक्षांना पुस्तकांची अक्षरं बारीक असल्याबद्दल बोलत होते. काकू गाडीला पिवळा रंग द्यावा म्हणत होत्या. पण पुस्तक कुणीच घेत नव्हतं. गाडीतलं बोलक्या पुस्तकांचं खोकं बंदच होतं, आणि अध्यक्ष मधूनच त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होते. ‘आहेत का एक तरी?’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, पण तो त्यांच्या कोटाला लावल्यासारखा दिसत होता.

चार वाजायला आले आणि रस्त्याच्या वळणावर पांढरी काठी दिसली. बाई ताठ चालत होत्या. मागून पिशवी घेऊन एक वयस्क बाई येत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या थोरल्या बहीण असल्याचं सांगायला नको होतं.

“गाडी आली का?” बाईंनी विचारलं.

“आली आहे,” मी म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “बोलकी पुस्तकं आहेत.”

चालकाने खोकं उघडलं. एकेक नाव वाचून दाखवलं. बाईंनी एक निवडलं, मग दुसरं, मग तिसरं. अध्यक्ष खुर्चीवरून उठले आणि पुढे आले. “मी अध्यक्ष. आपल्या सोयीसाठी मी मुद्दाम...”

“हो हो, काल ओळख झाली,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या घरात होतात तुम्ही. पण तुमच्या घराला मथळा नव्हता ना, त्यामुळे तुम्ही कशासाठी आहात ते कळलं नाही.”

दंतवैद्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. अध्यक्षांनी एकदा कोटाची बटणं चाचपली. मग, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, ते हसले. “आम्हालाही पुष्कळदा कळत नाही,” म्हणाले आणि पुस्तकं त्यांनी स्वतः बाईंच्या हातात दिली.

रविवारच्या सभेत टाकीचा ठराव निघाला, तेव्हा अध्यक्षच उभे राहिले. “मी स्वतः तिथे होतो,” म्हणाले. “वाचकांची गर्दी मी डोळ्यांनी पाहिली. हा थांबा राहिलाच पाहिजे.” थांबा राहिला. नव्या कोष्टकाला मंजुरी मिळाली. मात्र इतिवृत्तात ‘अध्यक्षांच्या सूचनेवरून कोष्टकात सुधारणा करण्यात आली’ असं आलं. ते इतिवृत्त तपासायला माझ्याकडेच आलं होतं. मी लाल पेन्सिल उचलली, वाक्य पुन्हा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. पेन्सिल खाली ठेवली.

आता पत्र राहिलं होतं. टाकीखालून निघताना थोरल्या बहिणीने मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, “कोष्टक झालं, ते ठीक. पण कागद काही आलेला नाही हं. मी अजून जिंकतेय.”

सभेहून आल्यावर मी टेबलापाशी बसलो. बाईंचं पत्र खणातून काढलं. माझ्या लाल दुरुस्तीकडे पाहिलं. दुरुस्ती चुकली, मूळ शब्दच बरोबर होता, असं सांगायची आमच्या धंद्यात एक खूण असते. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘राहू द्यावे’. मी ‘ऐकू येत’ याच्या खाली टिंबं दिली आणि समासात तसं लिहिलं.

मग वाचनालयाचा छापील कागद घेतला. मायना लिहिलाच नाही. बाईंनी दोन वाक्यांत मागितलं होतं, मी तीन वाक्यांत दिलं. ‘आपलं पत्र मिळालं. कोष्टक दुरुस्त केलं आहे. गाडी दर शनिवारी दुपारी चार ते पाच टाकीपाशी उभी राहील.’ खाली सही, शिक्का. अक्षर चांगलं मोठं काढलं, कारण हे थोरल्या बहिणीला वाचायचं होतं. दंतवैद्यांचा सल्ला शेवटी कुठेतरी कामी आला.

“झालं?” हिने दारातून विचारलं.

“झालं.”

“वाचून दाखवा बघू.”

मी वाचून दाखवलं. ही म्हणाली, “एवढंच? यासाठी एवढे दिवस?” आणि तिकीट आणायला आत गेली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी येऊन मी पाकीट फटीत धरलं. एरवी या जागी मी थबकतो, पत्ता पुन्हा वाचतो, कधी कधी तसाच परत येतो. या वेळी बोटं सोडली. आत कागद तळाशी जाऊन पडला, तो मला स्पष्ट ऐकू आला.